सेंधव्याच्या घाटातील नाईक

मुंबईहून आग्र्याकडे जाणारा राजरस्ता धुळे आणि शिरपूर मागे टाकून सातपुड्याच्या पायथ्याशी येतो व तेथून सेंधव्याचा घाट चढू लागतो. घाटात बीजासनी देवीचे देऊळ आहे. पलीकडे निमाड, निमाडात नर्मदा, नर्मदेपलीकडे विंध्याची चढण, आणि ती संपली की आपला माळवा. उज्जैन, इंदूर, देवास, धार येथील कितीतरी मराठी घराण्यांचे मूळपुरुष दोन-अडीचशे वर्षांपूर्वी सातपुड्याचा असाच एखादा घाट चढून वर आले. त्यांच्या कुलवृत्तांतांत शिंद्यांच्या आणि होळकरांच्या सनदा असतात, इनामांचे तपशील असतात, कोण कोणत्या मोहिमेत कामास आला याची नोंद असते. घाटातून वाट दाखविणारा, रात्री तळाभोवती जागणारा आणि त्याबद्दल ठरलेला हक्क मोजून घेणारा जो मनुष्य होता, त्याचे नाव मात्र त्यांत सहसा आढळत नाही. तो मनुष्य बहुधा भिल्ल होता. एकोणिसाव्या शतकात त्याने शस्त्र का उचलले, आणि ते उचलणारे पुढारी पुन्हा पुन्हा सरकारी चाकरीतूनच का निघाले, एवढाच प्रश्न मी आजच्या भाषणापुरता घेतला आहे.

जुन्या मराठी कागदपत्रांत ‘भिल्लांचा उपद्रव’ हा शब्दप्रयोग इतक्या वेळा येतो की, तो वाचणाऱ्याच्या अंगवळणी पडतो. इंग्रजी दप्तराने तोच सूर पुढे चालविला. तेथे हे लोक लुटारू टोळ्या म्हणून वावरतात. उपद्रव होत होता हे खरेच आहे. खानदेशातील कुणब्याच्या गंजीला आग लागे, गुरे वळवून नेली जात, वाटसरू मारले जात; त्या कुणब्याचे दुःख इतिहासात कमी लेखण्याचे काहीही कारण नाही. परंतु उपद्रव हा परिणाम होता. त्यापूर्वी पिढ्यानुपिढ्या चालत आलेली एक व्यवस्था होती आणि ती मोडकळीस आल्यानंतर उपद्रव सर्वत्र पसरला, हा कालक्रम ध्यानात घेतल्यावाचून पुढचे काहीच उलगडत नाही.

ती व्यवस्था साधारण अशी होती. डोंगरातील भिल्ल वस्त्यांवर एक नाईक असे, आणि नाईकपण बहुधा बापाकडून मुलाकडे जाई. घाटाची व वाटेची राखण त्याच्याकडे. त्याच्या हद्दीत चोरी झाली तर माग काढून देणे, निदान माग आपल्या हद्दीबाहेर गेला हे दाखवून देणे, ही त्याची जबाबदारी. त्याच्या मोबदल्यात वाटेने जाणाऱ्या मालावर आणि पायथ्याच्या गावांवर त्याचा ठरीव हक्क चाले. सपाटीवरील खानदेशी गावांत जागल्याचे काम भिल्लांकडे होते आणि इतर गावकामगारांप्रमाणे त्यालाही सुगीला धान्य मिळे. माळव्यात विंध्याच्या घाटांवर भिलाल्यांची घराणी होती. रजपूत आणि भिल्ल या दोन्ही रक्तांचा ती अभिमान बाळगीत. मेवाड-डुंगरपुराकडे तर नव्या राजाच्या कपाळी भिल्लाने आपल्या अंगठ्याच्या रक्ताचा टिळा लावावयाचा, असा प्रघात होता. ज्यांना आपण रानटी म्हणत आलो त्यांच्या हाताचा टिळा लागल्यावाचून तेथील राजाचे राजेपण, निदान विधीपुरते तरी, पुरे होत नसे.

‘स्वायत्तता’ हा शब्द त्या काळी कोणाच्या तोंडी नव्हता. परंतु डोंगरात आपला नाईक आणि आपला न्याय, सपाटीच्या राज्याशी कराराचे नाते, आणि करार मोडला तर तिरकामठा, या स्थितीला आज दुसरे कोणते नाव द्यावयाचे?

हा करार प्रथम इंग्रजांनी मोडला, असे म्हणणे आपल्याला सोयीचे वाटेल. पण ते खरे नाही. तो मोडण्याचा आरंभ आपल्याच राज्यात झाला, आणि त्याच्या मुळाशी जी भाऊबंदकी होती तिचा एक रक्तरंजित अंक याच उज्जैनीच्या परिसरात घडला. १८०१ च्या पावसाळ्यात यशवंतराव होळकरांनी उज्जैनजवळ शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. त्याच वर्षी शिंद्यांच्या सैन्याने इंदूर लुटून त्याचा सूड घेतला. पुढल्या वर्षी युद्धाचा लोंढा खानदेशातून दक्षिणेकडे गेला, आणि त्याच्या पाठोपाठ १८०३-०४ चा भीषण दुष्काळ आला. गावे ओस पडली. गावेच ओस पडल्यावर जागल्याला धान्य कोण देणार, आणि रस्ते ओस पडल्यावर नाईकाला हक्क कोण मोजणार? राखणदारच लुटीवर उतरला, आणि मग त्याला आवरण्यासाठी पेशव्यांच्या अधिकाऱ्यांनी जे उपाय योजिले ते वाचताना मान खाली जाते. बाळाजी लक्ष्मण नावाच्या खानदेशच्या सुभेदाराने गोदाकाठी कोपरगाव येथे भिल्लांच्या एका मोठ्या जमावाला अभयवचन देऊन बोलाविले, दगा करून पकडले आणि त्यांतील बहुतेकांना दोन विहिरींत लोटून मारले. असे प्रकार त्या वर्षांत खानदेशात इतरत्रही झाले. ज्यांचे वचन हाच कायदा होता त्यांना सरकारच्या वचनाचा अर्थ असा कळला. पुढे इंग्रज आले तेव्हा त्यांच्याशी बोलणी करावयास एकही नाईक का धजत नव्हता, हे समजण्यासाठी कोपरगावच्या त्या दोन विहिरी लक्षात ठेवाव्या लागतात.

इंग्रज आले तेही उज्जैन जिल्ह्याच्याच वाटेने, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. येथून उत्तरेला, शिप्रेच्याच काठी, महिदपूर आहे. २१ डिसेंबर १८१७ रोजी तेथे सर थॉमस हिस्लॉप आणि सर जॉन माल्कम यांच्या सैन्याने होळकरांच्या फौजेचा पराभव केला. होळकरांच्या गादीवर त्या वेळी एक अल्पवयीन मुलगा होता, आणि त्याच्या नावाने कारभार पाहणाऱ्या तुळसाबाईंचा वध लढाईच्या आदल्याच दिवशी स्वतःच्या छावणीत झाला होता. पुढील जानेवारीत मंदसोर येथे तह झाला. सातपुड्याच्या दक्षिणेकडील होळकरांचा मुलूख त्या तहाने कंपनीकडे गेला, आणि त्याच वर्षी पेशवाई बुडाल्याने उरलेला खानदेशही गेला. शिप्रेकाठच्या एका दिवसाच्या लढाईने तापीकाठच्या आणि सातपुड्याच्या भिल्लांचे धनी बदलले. त्यांना अर्थातच कोणी विचारले नव्हते.

खानदेशचा पहिला इंग्रज अधिकारी कॅप्टन जॉन ब्रिग्ज. त्याने डोंगरांच्या वाटा सैन्याने रोखून धरल्या, खालून वर जाणारे धान्य तोडले आणि त्याच वेळी नाईकांना निरोप धाडले की, शरण येऊन आपापल्या टापूची राखण पत्कराल तर नेमणूक मिळेल. काही आले. चीलनाईकासारख्या एका प्रबळ नाईकाला फाशी देण्यात आले, आणि त्याची जागा दुसऱ्यांनी घेतली. सात वर्षे हा खेळ चालला. बंडे मोडत, पुन्हा उठत. १८२५ साली बागलाणात साताऱ्याच्या छत्रपतींच्या नावाची बनावट पत्रे फिरवून भिल्लांना उठविण्यात आले. पत्रे बनावट होती हे इंग्रजांनी मोठ्या समाधानाने नोंदविले आहे. पण साताऱ्याच्या नावाने डोंगरातला माणूस सात वर्षांनंतरही हलत होता, ही गोष्ट त्यापेक्षा अधिक बोलकी आहे. केवळ लुटीसाठी निघालेल्या माणसाला छत्रपतींच्या शिक्क्याची गरज भासत नाही.

ते बंड मोडण्यात एका तरुण लेफ्टनंटचे नाव पुढे आले. जेम्स औट्रम हे त्याचे नाव. लखनौच्या रणांगणावर ते पुढे फार मोठे झाले, पण त्याचा पाया खानदेशात घातला गेला. मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन यांच्या मनात भिल्लांचीच एक पलटण उभारण्याची कल्पना होती. कल्पना सर्वस्वी नवी नव्हती. बंगाल्यात राजमहालच्या पहाडी लोकांची अशी पलटण ऑगस्टस क्लीव्हलंड याने अठराव्या शतकातच उभी केली होती. खानदेशात हे काम औट्रमकडे आले. त्याने प्रथम डोंगरात घुसून भिल्लांचा मोड केला, नंतर पकडलेल्यांनाच मध्यस्थ करून त्यांच्या भाईबंदांना बोलाविले. आपल्याला एका जागी जमवून कापून काढण्याचा हा डाव आहे, अशी अफवा रंगरुटांत उठली. आपण मघा कोपरगावची गोष्ट पाहिली आहे. तेव्हा या भीतीला वेड म्हणण्याचे धाडस आपण करणार नाही. औट्रमने पहारा दूर केला, त्यांच्यातच एकटा राहू लागला, त्यांना बरोबर घेऊन वाघाच्या शिकारी केल्या. धरणगावला पलटणीचे ठाणे झाले आणि दोन-तीन वर्षांत शेकडो भिल्ल वर्दीत कवाईत करू लागले. पुढे माळव्यासाठी सरदारपूर येथे आणि मेवाडसाठी खेरवाडा येथे अशाच पलटणी निघाल्या.

औट्रमच्या धैर्याविषयी आणि त्याच्या प्रांजळ वागणुकीविषयी मला शंका घ्यावयाची नाही. आपल्या सुभेदारांपेक्षा तो आपल्या शब्दाला अधिक जागला. इंग्रज इतिहासकारांनी मात्र या पलटणीची कथा ‘रानटी लोकांना माणसांत आणले’ अशा थाटात सांगितली आहे, आणि आपणही ती बहुतांशी तशीच उचलली. वस्तुतः काय घडले? घाटाची राखण भिल्ल आधीपासूनच करीत होता. पूर्वी ती त्याच्या घराण्याची वृत्ती होती. आता ती सरकारची नोकरी झाली. पूर्वी हक्क वाटेवर मोजून घेतला जाई. आता पगार कचेरीत मिळू लागला, आणि जो पगार देतो तो तो बंदही करू शकतो. नाईकाच्या न्यायाच्या जागी जिल्ह्याचे कोर्ट आले. काम तेच, डोंगर तोच, माणूसही तोच. परंतु त्या कामावरील त्याचे स्वामित्व संपले. कागदावर ही फार लहान फेरफार दिसते. डोंगरात तिचे परिणाम काय झाले ते एका माणसाच्या आयुष्यावरून पाहू.

सेंधव्याच्या घाटाची राखण गुमान नाईकाकडे होती. त्याच्या मागून ती त्याचा मुलगा खाज्या नाईक याच्याकडे आली. इंग्रजी कागदांत त्याचे नाव काजरसिंग असेही येते. सुमारे वीस वर्षे त्याने हा घाट सांभाळला. मुंबईची विलायती कापडे वर जात, माळव्याची अफू खाली येई, आणि लाखोंचा तो व्यापार खाज्याच्या माणसांच्या पहाऱ्यातून सुखरूप पार पडे. सरकार त्याच्यावर संतुष्ट होते. मग १८५१ च्या सुमारास एका पकडलेल्या संशयिताला त्याने इतके मारले की तो मेला. खाज्यावर खटला झाला आणि त्याला दहा वर्षांची शिक्षा ठोठावण्यात आली.

या ठिकाणी क्षणभर थांबले पाहिजे. खाज्याने केले ते क्रौर्य होते, आणि मेलेल्या माणसाच्या बाजूने पाहिले तर शिक्षा अन्यायाची म्हणता येत नाही. नंतरच्या चरित्रकारांनी हा प्रसंग झाकून टाकण्याचा जो मोह दाखविला आहे, तो मला पटत नाही. परंतु खाज्याच्या डोळ्यांपुढून ही घटना कशी गेली असेल? घाटात चोर सापडला तर त्याचा निवाडा नाईकाने करावयाचा, हे त्याच्या बापाच्या काळापासूनचे वळण. राखण करून घ्यावयाची ती नाईक म्हणून, आणि शिक्षा द्यावयाची ती हुकूम मोडणारा शिपाई म्हणून, ही दोन तोंडांची भाषा त्याला तुरुंगात जाईपर्यंत कळलीच नसावी. शिक्षा पुरी होण्यापूर्वीच सरकारने त्याला सोडले. इतकेच नव्हे, सत्तावन साली देशभर वणवा पेटला तेव्हा घाट सांभाळण्यास दुसरा कोणी समर्थ माणूस दिसेना, म्हणून त्याला पुन्हा त्याच कामावर नेमले. त्याने काही दिवस चाकरी केली, आणि त्याच पावसाळ्याच्या अखेरीस चाकरी टाकून तो डोंगरात गेला.

असे करणारा तो एकटा नव्हता, हे विशेष होय. पुरंदरच्या रामोश्यांतील उमाजी नाईक हा १८३२ च्या ३ फेब्रुवारीला पुण्यात फाशी गेला. त्यापूर्वी काही काळ इंग्रजांनीच त्याला जमीन आणि पगार देऊन राखणीच्या कामावर ठेवले होते. किल्ल्यांची राखण हे रामोश्यांचे वंशपरंपरेचे काम. किल्ले ओस पडले आणि कामही गेले. नगर जिल्ह्यातील भागोजी नाईक हा भिल्ल पुढारी पूर्वी तेथील पोलिसांत अंमलदार होता. १८५५ साली त्याला शिक्षा झाली, सुटून आल्यावर त्याने माणसे जमविली, आणि ४ ऑक्टोबर १८५७ रोजी नांदूर-शिंगोट्याच्या डोंगरात पोलीस सुपरिंटेंडेंट हेन्री त्याच्या माणसांच्या गोळीने पडला. भागोजी पुढे दोन वर्षे लढला. त्याला पकडण्यासाठी महादेव कोळ्यांची एक वेगळी पलटण उभारावी लागली. म्हणजे डोंगरच्या माणसावर पुन्हा डोंगरचाच माणूस घालण्यात आला. नोव्हेंबर १८५९ मध्ये सिन्नरच्या बाजूस साउटरच्या तुकडीने भागोजीला गाठले आणि तो लढता लढता मारला गेला.

तीन माणसे, तीन जिल्हे. आणि तिघांच्याही अंगावरून सरकारी चाकरी गेलेली. याला योगायोग म्हणता येणार नाही. सरकारने नाईकाला आत घेतले, त्याचा उपयोग केला, बंदूक कशी चालवावी आणि फौज कशी हलते हे त्याला दाखविले. त्याच्या हक्काला मात्र मान्यता दिली नाही. बाहेर राहिलेला भिल्ल लूट करून पोट भरी. आत जाऊन आलेल्या भिल्लाला आपले काय गेले ते नेमके कळले होते.

हाच प्रकार आपल्या शेजारी ब्रह्मदेशात, ज्याला आता म्यानमार म्हणतात तेथे, अगदी अलीकडे घडला आणि अजून संपलेला नाही. इरावतीच्या उगमाकडील डोंगरात काचिन लोक राहतात. त्यांचे ‘दुवा’ नावाचे वंशपरंपरागत मुखिये असत. आपले नाईकच म्हणा ना. १८८५ साली इंग्रजांनी उत्तर ब्रह्मदेश घेतला, दहा वर्षांनी डोंगरी मुलखासाठी निराळा कायदा करून या मुखियांना आपल्या हाताखाली कारभार चालवू दिला, आणि काचिन तरुणांना सैन्यात घेतले. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांशी झालेल्या जंगलयुद्धात काचिनांनी मोठा पराक्रम केला. राज्य सोडताना १२ फेब्रुवारी १९४७ रोजी पांगलाँग येथे ब्रह्मी पुढारी आंग सान यांनी काचिन, शान आणि चिन या डोंगरी लोकांच्या प्रतिनिधींशी करार केला, आणि अंतर्गत कारभारात पूर्ण स्वायत्ततेचे तत्त्व त्यात मान्य झाले. पाच महिन्यांनी आंग सान यांचा खून झाला. जानेवारी १९४८ मध्ये देश स्वतंत्र झाला. काचिन प्रांत नकाशावर आला, पण स्वायत्तता कागदावरच राहिली. नॉ सेंग या काचिन सेनाधिकाऱ्याची कथा तर खाज्या नाईकाची आठवण करून देणारी आहे. महायुद्धातील शौर्याबद्दल इंग्रजांनी त्याचा गौरव केला होता. स्वतंत्र ब्रह्मदेशाच्या सरकारने त्याला करेन लोकांचे बंड मोडावयास पाठविले, आणि १९४९ साली तो आपल्या शिपायांसह त्या बंडखोरांनाच जाऊन मिळाला. पुढल्या वर्षी त्याला चीनमध्ये आश्रय घ्यावा लागला. १९६१ च्या फेब्रुवारीत काचिनांची स्वतःची सेना उभी राहिली. त्याच वर्षी बौद्ध धर्माला राज्यधर्म करण्यात आल्याने, ख्रिस्ती झालेल्या काचिनांत असंतोष आणखी वाढला. पुढील वर्षी लष्कराने सत्ता बळकावली आणि बोलण्याचे दार मिटले. १९९४ मध्ये युद्धविराम झाला, तो सतरा वर्षे टिकला. जून २०११ मध्ये पुन्हा तोफा सुरू झाल्या, आणि २०२१ च्या लष्करी उठावानंतर तर लढाईने फारच उग्र रूप धारण केले.

साम्य आहे, तसा एक भेदही आहे आणि तो लहान नाही. काचिनांच्या हाती पांगलाँगचा कागद होता. वचन मोडले गेले हे जगाला दाखविण्यास तो पुरेसा होता. त्याच्या आधारावर त्यांनी संघटना बांधली, आणि एक पुढारी पडला तरी ती टिकली. सातपुड्यातील भिल्लांचा करार तोंडी होता. तो पिढ्यांच्या वळणात होता, शपथेत होता, सुगीच्या धान्यात होता. इंग्रजांच्या कोर्टात असल्या कराराला पुरावा नसतो. आणि संघटना म्हणाल तर प्रत्येक नाईकाची माणसे त्या नाईकाची. नगर जिल्ह्यातील भागोजी आणि सेंधव्याचा खाज्या एकाच वर्षी, एकाच शत्रूशी, एकाच कारणासाठी लढत होते. पण दोघांच्या लढाया शेवटपर्यंत दोनच राहिल्या. भिल्लांच्या पराभवाची कारणे शोधताना इंग्रजांच्या तोफांइतकेच हेही सांगावे लागते.

आता सेंधव्याकडे परत येऊ. १८५७ च्या १ जुलैला इंदूरच्या रेसिडेन्सीवर हल्ला झाला, तेव्हा तेथे असलेल्या माळवा भिल्ल पलटणीने कर्नल ड्यूरंडसाठी लढण्याची उत्सुकता दाखविली नाही, आणि ड्यूरंडला सिहोरकडे निघून जावे लागले. आपल्याकडील अमझेऱ्याचे राजे बख्तावरसिंग यांनीही याच धामधुमीत इंग्रजांविरुद्ध हात उचलला. पुढील फेब्रुवारीत त्यांना इंदुरात फाशी देण्यात आले. माळव्यातील इंग्रजी सत्तेचा श्वास त्या दिवसांत मुंबईच्या रस्त्यावर अवलंबून होता, आणि त्या रस्त्याचा गळा सेंधव्याच्या घाटात होता. खाज्याला हे इतर कोणाहीपेक्षा चांगले ठाऊक होते. वीस वर्षे त्याने तो गळाच सांभाळला होता. बडवाणी संस्थानातील भीमा नाईक त्याला येऊन मिळाला. मराठी राज्यांच्या फौजा मोडल्यावर मागे राहिलेले मकराणी शिपाईही आले. त्यांनी तारायंत्राची तार तोडली, शिरपूर लुटले, अफूच्या गाड्या अडविल्या, आणि नोव्हेंबरात व्यापाऱ्यांचा सुमारे सात लाखांचा खजिना घाटाच्या वाटेवर ताब्यात घेतला. ज्या मालाची पूर्वी राखण केली तोच आता लुटला. इंग्रजांनी याला कृतघ्नपणा म्हटले. घाट कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर खाज्याने आपल्या भाषेत दिले, असे मी म्हणेन. मात्र त्या खजिन्यात इंदूरच्या सावकारांची पुंजी होती आणि लुटलेल्या शिरपुरात गरीब माणसेही राहत होती, हेही त्याच वाक्यात म्हणावे लागेल.

इंग्रजांना सवड मिळण्यास एप्रिल उजाडला. ११ एप्रिल १८५८ रोजी मेजर इव्हान्सच्या सैन्याने आंबापाणी येथे खाज्या आणि भीमा यांच्या जमावाला गाठले. डोंगराच्या कपारींतून, खडकांच्या आडून दिवसभर लढाई झाली. इंग्रजांचे कित्येक अधिकारी जखमी झाले. सातपुड्यातील लहानसहान चकमकींच्या मानाने त्यांची हानी मोठी होती. खानदेशची भिल्ल पलटण या मोहिमेत इंग्रजांच्या बाजूने होती. औट्रमने तेहतीस वर्षांपूर्वी लावलेल्या रोपाचे हे फळ: खडकाच्या एका बाजूस वर्दीतला भिल्ल, दुसऱ्या बाजूस तिरकामठ्याचा. खाज्याचा मुलगा पोलादसिंग त्या दिवशी पडला. हाती लागलेल्या पुरुषांपैकी पन्नासाहून अधिक जणांना जागच्या जागी लष्करी न्याय करून गोळ्या घालण्यात आल्या. चारशेंवर स्त्रिया कैद झाल्या. नाईकांच्या कुटुंबांतील बायका त्यांत होत्या. बायकांना धरून ठेवले की पुरुष खाली उतरतात, हा हिशेब त्यामागे होता आणि तो बऱ्याच अंशी खरा ठरला. आंबापाणीचे नाव आपल्या शालेय इतिहासात झाशी आणि काल्पी यांच्या ओळीला बसत नाही. तेथे राजा नव्हता, किल्ला नव्हता, बखर लिहिणारा कारकून नव्हता. पण जागच्या जागी गोळ्या घातलेल्या माणसांची संख्या पाहिली तर इंग्रजांनी ती लढाई किरकोळ मानली नव्हती, हे उघड दिसते.

खाज्या त्यातून निसटला. पुढे काही काळ तो डोंगरात फिरत राहिला. सैन्याला तो सापडला नाही; १८६० साली त्याच्याच आश्रयाला राहिलेल्या एका मकराणी जमादाराने विश्वासघाताने त्याला ठार मारले. भीमा नाईक त्यानंतरही सात वर्षे सातपुड्यात टिकून राहिला. १८६७ साली तो पकडला गेला. त्याला फाशी न देता जन्मठेपेवर अंदमानात पाठविण्यात आले, आणि तेथेच १८७६ च्या डिसेंबरात त्याचा अंत झाला. बडवाणीजवळ धाबाबावडी या गावी अलीकडे त्याचे स्मारक उभारण्यात आले आहे.